घरबारी दादूस

उरण तालुक्यात घर बांधून झालं की माणसाला तीन गोष्टींची घाई होते: वास्तुशांत, गेटवर स्वतःचं नाव आणि हॉलच्या कोपऱ्यात बार. पहिल्या दोन गोष्टी भटजी आणि पेंटर उरकून देतात. तिसरी ज्याची त्याने करायची असते आणि स्वस्तात करायची असते, कारण तोवर पैसे संपलेले असतात. करंज्यात खाडीच्या धक्क्यापासून द्रोणागिरीच्या पायथ्यापर्यंत कुठल्याही आळीत शिरा, असा एक गृहस्थ सापडतोच. आमच्याकडे मोठ्या भावाला दादूस म्हणतात. त्यालाही दादूसच म्हणू.

दादूसच्या बापाची बोट. त्यात त्याचा हिस्सा आहे, पण बोटीवर तो जात नाही, लागते म्हणतो. तो न्हावा-शेवा बंदराच्या बाजूला एका सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनरच्या गोदामात, लागलेला आहे. कंटेनर आत किती आले, बाहेर किती गेले, सील शाबूत आहे का, कुठे चेपलाय का, हे दिवसभर लिहून घ्यायचं. ही सवय घरी येताना गेटवर ठेवून येता येत नाही. म्हणून त्याच्या बारला बाटलीच्या आधी रजिस्टर आलं. तारीख, आवक, जावक, शिल्लक, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात मी स्वतः वाचलंय: ‘मेव्हणा. दोन लार्ज. तिसरा मागितला, नाकारला.’

स्वतः दादूस जवळजवळ पीत नाही. पाहुण्याला संकोच वाटू नये म्हणून हातात ग्लास धरतो आणि बर्फ वितळून वितळून त्याचं नुसतं पाणी होईपर्यंत धरून ठेवतो. मग हा खटाटोप कशाला? विचारलं की तो हिशोब मांडतो. खंबा म्हणजे साडेसातशे मिली. तीस मिलीचा एक स्मॉल, म्हणजे पंचवीस स्मॉल. परमिट रूममध्ये पंचवीस पेगांचं बिल भरलं, तर तेवढ्यात दुकानातून दोन-तीन खंबे येतात. वर टीप वाचली, रिक्षा वाचली. म्हणजे घरी बसून प्यायलं तर फायदा. आता मुळात परमिट रूममध्ये न जाणाऱ्या माणसाला हा फायदा कसा होतो, ते त्या रजिस्टरलाच ठाऊक. पण ‘वाचलेले पैसे’ अशी एक वेगळी बेरीज तिथे दर महिन्याला वाढत असते आणि ती बघून दादूसला नशा येते.

काउंटर आधी. फर्निचरवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून त्याने पॅलेट आणले. बंदराच्या पट्ट्यात लाकडी पॅलेटना तोटा नाही. जगभरचा माल त्यांच्यावर बसून येतो, माल पुढे जातो आणि पॅलेट भंगारात जातात. पण दादूस भंगारवाल्याकडूनही डोळे मिटून घेणारा नव्हे. परदेशी लाकडातून कीड येऊ नये म्हणून त्यावर प्रक्रिया केलेली असते आणि तसा शिक्का असतो. एचटी म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, एमबी म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. दादूसने एचटीच निवडले आणि काउंटर बांधताना शिक्का बाहेरच्या बाजूला येईल असा बसवला. पाहुणा आला की पाणी विचारायच्या आधी शिक्का दाखवतो.

“बग, एचटी हाय. एमबीवर ग्लास ठेवशील तं मरशील.”

पाहुणा ग्लास हातातच धरतो.

त्यामागे मुंबईच्या लोहार चाळीतून आणलेली एलईडीची माळ. ती आणायला दादूस मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला गेला. रेल्वे उरणपर्यंत आली, त्याच दिवशी, १२ जानेवारी २०२४ला, अटल सेतूचंही उद्घाटन झालं, तरी त्याचा जीव लाँचवर. माळ निळी, हिरवी, लाल अशी रंग बदलते. तिच्या उजेडात मांडलेल्या बाटल्या पाहून नवखा माणूस दबकतो. स्कॉच, कोन्यॅक, टकीला, सगळ्या मोठ्या घराण्यातल्या. जहाजावर असलेल्या मावसभावाने आणि त्याच्या मित्रांनी रिकाम्या करून दिलेल्या. त्यांत दादूसने कोरा चहा भरलाय. कडक तो स्कॉच, फिका तो टकीला. झाकणं घट्ट. पावसाळ्यात एका नामांकित स्कॉचवर पांढरी बुरशी धरली, तेव्हा बायकोने ती मोरीत ओतली आणि सासूला सांगितलं की यांची हजारोंची दारू मी फेकली. सासू आठवडाभर सुनेवर खूश होती.

ही सासू, म्हणजे दादूसची आवस, या बारचा खरा वापर करते. तीस-साठ मिलीचं पितळी माप तिने तेलासाठी पळवलं. आले-पुदिना ठेचायचा दांडा लसणीला गेला. झाकणाच्या स्टीलच्या बाटलीचा दादूस शेकर म्हणून उपयोग करायचा; आता तिच्यात नातवाचं ताक घुसळलं जातं. गाळायला चहाची गाळणी, मापाला खोकल्याच्या औषधाचं पाच-दहा-पंधराच्या रेघांचं झाकण, ढवळायला कालवणाच्या डावाचा उलटा दांडा. दादूस म्हणतो, बार चालवायला यापेक्षा जास्त काही लागत नाही, आणि यात तो शंभर टक्के बरोबर आहे. बारची हत्यारं विकणारे ज्याला दहा नगांचा संच म्हणतात, त्यातले आठ नग कोळणीच्या स्वयंपाकघरात आधीपासून असतात. पैसे घालायचे तर दोनच गोष्टींत घालावेत: एका बऱ्या बाटलीत आणि बर्फात.

बाटलीचं शिकायला त्याला वेळ लागला. सुरुवातीला ‘व्हरायटी पाहिजे’ म्हणून त्याने रम, व्हिस्की, वोडका, जिन, ब्रँडी असे क्वार्टर आणून रांगेत लावले. पाच जणांनी पाच वेगळे मागितले, चौथ्या फेरीला एकही पुरा पडला नाही. आता एकच काळी रम. तिच्यात सोडा घातला की एक पेय. कोला आणि लिंबाची फोड, दुसरं. लिंबाचा रस आणि साखरेचं पाणी घालून बर्फासकट हलवून गाळली की तिसरं. सर्दी झालेल्यासाठी गरम पाणी, लवंग आणि साखर, चौथं. साठ मिली रम, पंचवीस मिली लिंबाचा रस, वीस मिली साखरेचं पाणी. हे प्रमाण त्याने काउंटरवर खडूने लिहून ठेवलंय. साखरेचं पाणी म्हणजे जेवढी साखर तेवढंच पाणी. साखर विरघळली की गॅस बंद. पहिल्या वेळी आवशीने लाडवांचा एकतारी पाक करून दिला होता. तो बाटलीत असा बसला की बाटलीच चिरून काढावी लागली.

बिटर्सच्या बाबतीत मात्र तो हटून बसला. कुठल्या तरी पुस्तकात त्याने वाचलं की दोन थेंब बिटर्सशिवाय चव जुळत नाही. किंमत बघितली, तर एवढीशी बाटली रमच्या खंब्याला भारी. मग तो इतिहासात शिरला: हे अंगोस्तुरा बिटर्स १८२४मध्ये व्हेनेझुएलात एका जर्मन लष्करी डॉक्टरने पोटदुखीवर काढलेलं औषध. औषध म्हटल्यावर आवशीचा प्रांत. दालचिनी, लवंग, जायफळ, संत्र्याची साल, थोडा काडेचिराईत, सगळं रममध्ये बुडवून बरणी पंधरवडाभर माळ्यावर ठेवली. झालेलं द्रव्य कडू आणि सुवासिक होतं, खरोखर चांगलं होतं. आवस ते चमच्याने घेते. गॅसवर उतारा आहे म्हणते. रजिस्टरमध्ये ‘औषधोपचार’ असा नवा रकाना आलाय.

आता साडेबाराची गोष्ट. पंचवीस स्मॉल हा परगावच्यांचा हिशोब. आमच्याकडे सगळे लार्ज घेतात, म्हणजे साठ मिली. साडेसातशेला साठने भागलं की उत्तर येतं साडेबारा. उरण-पनवेलच्या माणसासमोर साडेबारा म्हटलं की तो सावरून बसतो. नवी मुंबईसाठी सिडकोने जमिनी घेतल्या, १९८४मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटलांच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण गेले आणि त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्ताला साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना पुढे आली. त्या साडेबारातून सामाजिक सुविधांच्या नावाखाली पावणेचार टक्के कापले जातात आणि हातात पावणेनऊ पडतात. आमच्या तालुक्यातलं शेंबडं पोरसुद्धा साडेबारा वजा पावणेचार ही वजाबाकी पाटी न घेता करतं.

दादूसच्या बारमध्येही हाच नियम आहे. खंबा फोडल्यावर पेग साडेबारा, वाटपाला पावणेनऊ. पावणेचार पेग सार्वजनिक सुविधांसाठी राखीव: थोडी आवशीच्या गुडघ्यांना चोळायला, थोडी बिटर्सच्या बरणीत, थोडी सांडलवंड, थोडी ओळखीच्या वायरमनसाठी आणि थोडी ‘चव बघितली’ या शीर्षाखाली, जिथे नेमकं कोणी बघितली हे रजिस्टरमध्ये खोडलेलं असतं. पाहुणे तक्रार करतात. दादूस म्हणतो, सरकारने कापले तेव्हा घेतलेत ना गुमान? एकदा एका पाहुण्याने उरलेल्या पाऊण पेगावर वारस म्हणून हक्क सांगितला, दुसऱ्याने हरकत घेतली, आणि तो पाऊण पेग अजून वादग्रस्त म्हणून फ्रिजमध्ये झाकून ठेवलाय.

बर्फाची कथा याहून करुण आहे. करंजा मासेमारीचं बंदर; बोट समुद्रात जाताना टनावारी बर्फ घेऊन जाते. लाद्या सरकतायत, मशिनीत चुरा होतोय, रस्त्यावर पाण्याचे ओहोळ. आणि या सगळ्या डोंगरातला एक खडा ग्लासात घालता येत नाही, कारण तो मासळीचा बर्फ. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून २०१८पासून राज्यात त्यात निळा रंग घालायला लावलाय. रंगाची सक्ती आली तेव्हा दादूसने एका ओळखीच्या खलाशाकडून तुकडा आणवला, ग्लासात टाकला आणि निळ्या होत जाणाऱ्या पेगाकडे बघत म्हणाला, फॉरेनला असले ड्रिंक मिळतात. बायकोने ग्लास हिसकावून घेतला. बरं केलं.

मग घरच्या फ्रिझरमध्ये बर्फ लावला. पण कोळ्याच्या घरच्या फ्रिझरमध्ये सुरमईची तुकडी, कोळंबी आणि ओले बोंबील यांच्या आधी कोणाला जागा मिळते का? बर्फ उघडा ठेवला की आसपासचा वास ओढून घेतो. त्या बर्फातली व्हिस्की प्यायल्यावर शाळेतले एक मास्तर बराच वेळ डोळे मिटून बसले आणि म्हणाले, स्कॉटलंडच्या बेटावरच्या व्हिस्कीला असा धुराचा आणि समुद्राचा वास असतो म्हणतात. दादूसने लगेच लिहून घेतलं. दोन आठवडे तो लोकांना ‘समुद्री व्हिस्की’ पाजत होता, जोवर बायकोने बोंबील संपवले नाहीत. संपल्यावर गिऱ्हाइकं म्हणाली, माल बदलला का रं? आता तो पाणी उकळून निववतो आणि झाकणाच्या चपट्या स्टीलच्या डब्यात एकच मोठा ठोकळा गोठवतो. मोठा ठोकळा सावकाश वितळतो, पेग पातळ होत नाही. हे ज्ञान खरं तर बर्फ कारखान्यातल्या कोणाकडूनही फुकट मिळालं असतं. लादी टिकते, चुरा पळतो.

गिऱ्हाइकं म्हटलं, ते दादूससमोर म्हणायचं नाही. कायद्याला तो जाम घाबरतो. १९४९चा दारूबंदीचा कायदा या राज्यात अजून शाबूत आहे, आणि त्या दारूबंदीच्या कायद्याखाली पिण्याचा परवाना मिळतो. दादूसने हजार रुपये भरून आजीवन परवाना काढला. आमच्या आळीत असा परवाना असलेला तो एकटाच असावा आणि आळीत सगळ्यात कमी पिणाराही तोच. परवाना त्याने फ्रेम करून एलआयसीच्या सर्टिफिकेटशेजारी लावलाय. त्याचं म्हणणं सरळ आहे: विकली तं गुन्हा, पाजली तं पाहुणचार. म्हणून तो पैशाला हात लावत नाही. पण पाहुणा रिकाम्या हाताने आला, की रजिस्टर उघडून काउंटरवर नुसतं ठेवतो. त्यामुळे लोक सुकट आणतात, जवळा आणतात, कोणी वाकटीची माळ आणतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी ओढून ठेवलेल्या, जाळी विणायला काढलेली, खिशात पैसा नाही आणि संध्याकाळ लांबच लांब. त्या दोन महिन्यांत दादूसच्या बारला उसंत नसते आणि त्याच्या बायकोच्या माळ्यावर सुक्या मासळीला जागा नसते. ती मासळी ती पुढे उरणच्या बाजारात विकते. घरच्या बारमध्ये खरोखर कोणाला पैसे सुटत असतील, तर तिला. तिच्याकडे रजिस्टर नाही.

२०२५च्या जूनमध्ये मोठं संकट आलं. सरकारने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपटीवर नेलं. क्वार्टरची किमान किंमत देशीला ८० रुपये, नव्याने काढलेल्या महाराष्ट्र मेड लिकरला १४८ आणि आपल्याकडे बनणाऱ्या विदेशीला २०५. नेमका मासेमारीबंदीचा महिना. दादूसने सर्वसाधारण सभा बोलावली. आजेंड्यावर एकच विषय: देशीवर यायचं का? बापूस, जो आजवर या बारकडे पाठ करून बसायचा, तो पहिल्यांदा बोलला.

“आमी तिच पीत व्हतो. तवा तुजा कपाट नव्हता, तवा कनगीत लपवायची.”

त्याच्या बायकोने, म्हणजे आवशीने, तिथल्या तिथे विचारलं की कुठल्या कणगीत. पन्नास वर्षांनी उघडकीस आलेल्या त्या बाटलीवरून जे काही झालं, त्यात सभा तहकूब झाली.

पण मास्तरांनी त्या दिवशी दादूसच्या हातात एक मोठं हत्यार दिलं. त्यांनी सांगितलं की एकोणिसाव्या शतकात, जेव्हा उरण-करंजा पनवेल तालुक्यात धरत, तेव्हा उरणला मोहाच्या दारूच्या मोठ्या भट्ट्या होत्या, मालक बहुतेक पारशी. मोहाची फुलं गुजरातेतल्या पंचमहालातून यायची, दारू गाळून मुंबईला जायची. १८७८चा अबकारी कायदा आला, १८९२मध्ये तर मोहाच्या फुलांवरच कायदा आला, कारण फूल घरात असलं की भट्टी लागायला वेळ लागत नाही हे साहेबाच्या लक्षात आलं होतं. दादूसने एवढंच उचललं, की आपण मुंबईला पाजत होतो. तेव्हापासून मुंबईचा पाहुणा आला, की पहिला पेग भरताना तो हे वाक्य टाकतो, जणू त्याची पाच पिढ्यांची उधारी मुंबईकडे थकलीये.

हळदीच्या रात्री दादूसचा बार बंद असतो. आमच्याकडच्या हळदीचा खर्च आवरावा, डीजे आणि दारू थांबवावी असं समाजातली मंडळी बैठका घेऊन सांगतायत. कुठे ऐकलं जातं, कुठे नाही. दादूस या मंडळींच्या बाजूचा. कारण तत्त्वाचं नसून मापाचं आहे. हळदीत कोणी माप ठेवत नाही. बादलीत ओतून डावाने वाढतात हे बघून त्याच्या अंगावर काटा येतो.

त्याचा एक नियम मात्र मला मनापासून आवडतो. दारात शिरताना गाडीची चावी त्याच्याकडे द्यायची. उरणच्या रस्त्यांवर रात्री ट्रेलर काय वेगाने जातात ते तो गेटवर बसून बघत आलाय. चाव्या पॅलेटला ठोकलेल्या खिळ्यांवर लटकतात, प्रत्येकीची नोंद होते आणि सकाळी चहा झाल्यावरच सुटतात. गॅलरीत चार गाद्या कायम घातलेल्या. भांडून चावी मागणाऱ्याला तो खोकल्याच्या झाकणात पाणी मोजून देतो आणि समोरच्या रेघेवर न सांडता ओत म्हणतो. अजून कोणी जिंकलेलं नाही.

गटारीला साठा संपवायचा, म्हणजे रजिस्टर शून्यावर आणायचं, आणि श्रावण लागला की काउंटरवर चादर. पहिल्या वर्षी दादूस त्या महिन्यात फार उदास झाला. पाहुणे येईनात, ‘आवक’चा रकाना कोरा. शेवटी त्याने कोकमाचं आगळ, साखरेचं पाणी, सोडा, भाजलेलं जिरं असं शेकरमध्ये हलवलं, ग्लासाची कड लिंबाने ओली करून आमच्या मिठागरांच्या जाड्या मिठात फिरवली आणि पोरांना दिलं. मार्गारिटाला जी मिठाची कड लावतात तीच, फक्त मीठ उरणचं. पोरांनी गल्लीत बातमी फोडली. मग पोरांच्या आया आल्या, भजनी मंडळ आलं, उपास सोडायला आलेल्या काकू आल्या. वर्षभरात त्या काउंटरवर इतकी गर्दी झाली नव्हती. दादूस साठ-पंचवीस-वीस मोजत घामाघूम झाला आणि शेऱ्यात त्याने लिहिलं: ‘खप विक्रमी. नशा कोणालाच नाही. भांडण एक, स्ट्रॉवरून.’

सध्या त्याच्या डोक्यात पूल आहे. रेवसला जायला आम्ही अजून करंज्याच्या धक्क्यावरून लाँच धरतो. पण कित्येक वर्षं कागदावर असलेल्या रेवस-करंजा पुलाचं काम आता खाडीत दिसायला लागलंय. पूल झाला की मुंबईहून अलिबागला जाणारी सगळी गर्दी आमच्या दारावरून जाणार. दादूसने त्यासाठी आणखी दोन एचटी पॅलेट आणून मागच्या दारी उभे केलेत, आवशीकडे बिटर्सच्या मोठ्या बरणीची ऑर्डर दिलीय आणि रजिस्टरचा दुसरा खंड शिवून घेतलाय. बायकोला त्याने हे सगळं उत्साहाने समजावून सांगितलं. तिने कोळंबी सोलता सोलता ऐकून घेतलं.

“येऊंदे पुलावरनं कोन येतंय ते,” ती म्हणाली. “पन चकना मी नाय तलनार. आनि सुकट आनली नाय, तं त्यांची चावी पन मी देनार नाय.”

दादूसने दुसऱ्या खंडाच्या पहिल्या पानावर दोन्ही अटी लिहून घेतल्या आणि खाली तिचा अंगठा मागितला. ती बी.कॉम. आहे, तिने सही केली, तारीख टाकली आणि वर ‘सेवाशुल्क पावणेचार टक्के’ असं स्वतःच्या अक्षरात वाढवून दिलं.